सावलीतली माती आणि उन्हातली माती

मित्रांनो, पोटातले ओठांवर आणायला काही माणसांचा जन्म जातो. मला थोडे पीळ पुरतात. मी गिरमीट आहे. सुताराच्या पेटीत असते ते नव्हे. ते माझे धाकटे भावंड, लाकडाला भोके पाडते आणि त्यातच धन्यता मानते. मी मातीचे गिरमीट. उंची पुऱ्या माणसाएवढी. खाली पिळाचे पोलादी पाते, मधे लांब दांडा आणि वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ. मला फिरवत फिरवत जमिनीत उतरवायचे आणि मग वर ओढायचे. खाली जे काही असेल ते मी पात्यात धरून वर आणते. जमीन कितीही तोंड मिटून बसली तरी मी तिला बोलते करते.

आता मी जुने झाले आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तूने आत्मवृत्त सांगायचे म्हणजे रडायचे, असा एक समज आहे. माझ्या आयुष्यात रडण्यासारखे फारसे घडलेले नाही. मिरवण्यासारखे मात्र घडले आहे, आणि ते मी मिरवणार आहे. ज्यांना विनय आवडतो त्यांनी फावड्याचे आत्मवृत्त वाचावे.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार कानाने जरा अधू होता, त्यामुळे त्याची बायको त्याला जे बोले ते सगळे मलाच ऐकावे लागले. "हे काय, खुंटी करताय की मोळी बांधायची सळई, एकदाचं ठरवा," ती म्हणे. लोहार समजल्यासारखी मान डोलवी आणि पुन्हा घण मारी. तापवायचे, ठोकायचे, पीळ द्यायचा, पाण्यात बुडवायचे, पुन्हा तापवायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे लोक नाक मुरडून म्हणतात. माझ्या बाबतीत तोच गुण धरला गेला. काम पुरे झाले तेव्हा लोहाराने मला अंगणात रोवून फिरवले, वर काढले आणि पात्यावरची ओली माती बायकोला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं आहे. खोटं तरी बोलणार नाही." माझे पहिले कौतुक ते. नंतर पुष्कळ झाले, पण त्याची चव अजून जिभेवर आहे.

तिथून मी सरकारी कचेरीत नोकरीला लागले. माझ्या उमेदीच्या वर्षांत मी फार हिंडले. शाळेचा पाया घालायचा असो की पुलाचा खांब उभारायचा असो, आधी मला बोलावत. एकदा पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. जागा सगळ्यांनी मिळून पसंत केली होती, पायाभरणीचा हारही आणून ठेवला होता. मी खाली गेले आणि लोण्यासारखा गाळ घेऊन वर आले. हार कोमेजला, टाकी दुसरीकडे गेली. पुढे ती पसंत केलेली जागा आपोआप खचली आणि तिथे बदके पोहू लागली. त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या मुठीवर थाप मारली आणि म्हणाले, "यानं नाही म्हटलं म्हणून आज आपण तोंड दाखवू शकतोय." पुढे त्या साहेबांना बढती मिळाली. मला मिळाली नाही, पण मिळून मी जाणार कुठे? माझा रस्ता खालीच जातो.

मग एक यंत्र आले. ट्रकवर बसवलेले, इंजिनवाले. त्याने एक भोक पाडले की आसपासच्या खिडक्या थरथरत आणि कामाला वेग आल्यासारखे वाटे. मला साहेबांच्या खोलीच्या कोपऱ्यात उभे करण्यात आले. तोवर नवे साहेब आले होते, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मुठीवर कोट अडकवला. मग छत्री आली. मग डब्याची पिशवी. जे पाताळाची बातमी आणत होते, त्याच्या खांद्यावर भाजीचा वास येऊ लागला. पण मित्रांनो, काम कोणतेही हलके नसते. त्या वर्षांत मी साहेबांचा कोट एकदाही खाली पडू दिला नाही.

कोपऱ्यात उभे राहून मी कचेरीचा कारभार मात्र शिकले. तो तुम्हालाही थोडा समजावून सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. कोणी जुने पाडून नवे बांधायचे म्हटले, की त्या कामाने माती, पाणी, हवा आणि शेजारीपाजारी यांचे काय होईल ते बघावे लागते. पण प्रत्येक कामाची खोलात जाऊन तपासणी करायची म्हटली तर सगळे शहरच खोळंबेल. म्हणून आधी छोटी छाननी असते. काही ठरलेले प्रश्न असतात. सगळी उत्तरे ठीक आली की छाननीवर भागते आणि काम सुरू होते. एखादे उत्तर खटकले की मोठी तपासणी. ती वर्ष वर्ष चालते.

छोटी की मोठी, हे ठरवायचे काम एका नव्या ताईंकडे आले होते. शेवटी साहेबांची सही लागे, पण निर्णय ताईंनी लिहायचा. या ताईंची एक खोड होती. त्या प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत. आमच्या कचेरीत ही पद्धत नवीन होती.

जुनी पद्धत निराळी होती. माती सोयीस्कर जागी तपासावी, असा नियम होता. कोणाच्या सोयीने, हे लिहायचे राहून गेले होते. मोठे साहेब ती जागा स्वतः निवडत. फाटकापाशी गाडी थांबली पाहिजे, खुर्ची टाकता आली पाहिजे आणि डोक्यावर झाड पाहिजे. त्यामुळे आमच्या कचेरीने आजवर तपासलेली सगळी माती सावलीतली होती. साऱ्या शहराला हे ठाऊक होते. कचेरीची गाडी येणार म्हटले की लोक झाडाखाली झाडून ठेवत.

एके दिवशी कचेरीत एका जुन्या वसाहतीचे प्रकरण आले. पूर्वी तिथे कापड रंगवायचा कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण कामगारांसाठी बांधलेली तीन मजली इमारत उरली होती आणि तिच्यात माणसेही उरली होती. ती पाडून तिथे मोठा मनोरा उभारायचा, खाली गाड्यांसाठी खोल तळघर खणायचे आणि जुन्या रहिवाशांना त्यातच नवी घरे द्यायची, असा बेत होता. बेत घेऊन बिल्डरचे जे गृहस्थ येत, त्यांना आमच्याकडे सगळे हसतमुख म्हणत. त्यांचे हसू इस्त्री केलेले असे, कधी चुरगळत नसे.

ट्रकवरचे यंत्र तपासणीला निघाले आणि वसाहतीच्या गल्लीच्या तोंडाशीच अडकले. गल्ली अरुंद होती आणि यंत्राला अंग चोरायची सवय नव्हती. मग कोणाला तरी माझी आठवण झाली. साहेबांनी स्वतः कोट काढला, छत्री काढली, डबा काढला. मला अंग एकदम हलके लागले, लग्नघरातून पाहुणे गेल्यावर लागते तसे.

मला फिरवायला नेमला होता तो पैलवान. अंगाने काडी होता, म्हणून पैलवान.

वसाहतीच्या फाटकापाशी भले मोठे झाड होते आणि झाडाखाली आक्का उभ्या होत्या. आक्का म्हणजे वसाहतीच्या पुढारी. त्यांना कोणी निवडले नव्हते, पण त्यांना नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान राहत. यजमानांना सगळे काका म्हणत. काकांचे खुब्याचे हाड मोडले होते. ते जुळून आले, सपाट जमिनीवर काठी घेऊन चालता येई, पण तो उभा जिना त्यांना जमत नव्हता. "उचलून न्याल हो, पण संध्याकाळी परत वर कोण चढवणार?" असे म्हणून ते खाली येतच नसत. दिवसभर खिडकीत बसून खालच्या जगावर शेरे मारत. नव्या इमारतीत लिफ्ट असणार होती. आक्कांची सगळी धावपळ त्या एका लिफ्टसाठी होती. काकांनी पुन्हा आपल्या पायांनी रस्त्यावर यावे, आणि ते त्यांच्या हयातीत व्हावे, एवढेच त्यांना पाहिजे होते.

"साहेब, इथे करा काय ते. छान गार सावली आहे," आक्का म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. पैलवानाने मला रोवले आणि मी खाली गेले. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ माती पाहिली, पण अशी माती पाहिली नव्हती. भुसभुशीत, काळीभोर, चाळलेली, पालापाचोळ्याचे खत मुरलेली. मी वर आले तेव्हा माझ्या पात्यावर दोन गांडुळे आळोखेपिळोखे देत होती.

"लोण्यात सुरी गेल्यासारखं गेलं," पैलवान खूश होऊन म्हणाला.

"बघा साहेब, किती निर्मळ जमीन आहे," हसतमुख म्हणाले.

"कमाल आहे," वरून काकांचा आवाज आला. "इथे गांडुळं कधी राहायला आली?"

"तुम्ही गप्प बसा हो," आक्का वर न बघता म्हणाल्या.

ताईंनी मात्र मान वर करून खिडकीकडे बघितले, मग मातीकडे बघितले, आणि जे पात्यावर होते ते जसेच्या तसे लिहिले.

गोष्ट अशी होती की आक्कांनी सगळ्या वसाहतीला कामाला लावून झाडाखाली खोल खड्डा खणला होता आणि त्यात रोपवाटिकेतली उत्तमातली उत्तम माती आणून भरली होती. लबाडी करावी असे त्यांच्या मनात नव्हते. घरी पाहुणे येणार म्हटले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसेच हे. फक्त त्यांनी पसारा जागच्या जागी ठेवून वर पलंग आणला होता.

दोन दिवसांनी हसतमुख कचेरीत पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून बसले होते. मी कोपऱ्यात होते, कोट पुन्हा माझ्या अंगावर होता. साहेब एकेक प्रश्न वाचत होते.

"जमीन लागवडीस योग्य आहे काय? उत्तर, अत्यंत योग्य." साहेब थांबले. "मग मोठी तपासणी."

"म्हणजे?" हसतमुख म्हणाले.

"सुपीक जमिनीवर बांधकाम करायचं तर मोठी तपासणी लागते. नियम आहे."

"अहो साहेब, भर शहरात शेती कोण करतं?"

"ते प्रश्नात विचारलेलं नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला.

बातमी वसाहतीत पोचायला वेळ लागला नाही, आणि आक्का कचेरीत पोचायला त्याहून कमी लागला. त्या आल्या त्या सरळ साहेबांच्या टेबलापाशी.

"तुम्ही आमच्या अंगणाला शेत म्हणालात?"

"माती म्हणाली, आक्का. आम्ही फक्त ऐकलं."

"ती माती आमची नाहीच. मी आणलीये ती. रोपवाटिकेतून, निवडून."

"आक्का, जरा बाहेर येता का?" हसतमुख म्हणाले. त्यांचे हसू जागेवर होते, पण कडेला मुरड पडली होती.

"बाहेर कशाला? आत बोलायला काय झालं?" आक्का साहेबांकडे वळल्या. "आमची खरी माती बघा की. मागच्या अंगणात गवताची काडी उगवत नाही. मांजर फिरकत नाही तिकडे. आणि तुम्ही म्हणता शेत. एखादा भोपळा उगवून दाखवा तिथे, मी तुमच्याकडे भांडी घासेन."

"का उगवत नाही, आक्का?" ताईंनी विचारले. आणि सवयीप्रमाणे त्या थांबल्या.

"ते मी कसं सांगू? पण उगवत नाही एवढं नक्की. हवं तर शपथेवर सांगते."

"शपथ नको," ताई म्हणाल्या. "जागा दाखवा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हसतमुखांची मूठ आक्कांनी भर कचेरीत उघडली होती, आणि वर आपण त्यांच्यावर उपकार केले अशा नजरेने त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथे सावली नव्हती. साहेबांनी खुर्ची आधी इकडे ठेवून पाहिली, मग तिकडे, आणि शेवटी ते छत्री धरून उभे राहिले. छत्री माझ्या ओळखीचीच होती. अंगणाच्या कडेला एक हातपंप होता. नळाला पाणी नसले की सारी वसाहत त्याच्यावर येई. वरच्या खिडकीत काका सरसावून बसले होते.

मित्रांनो, इथे मी जे केले ते कोणत्याही ट्रकवरच्या यंत्राने करून दाखवावे. वर खडी होती, खाली विटांचे तुकडे, त्याखाली राख. पैलवान घामाने निथळला. "पातं झिजेल ताई, राहू दे का?" असे त्याने विचारलेसुद्धा. पाते माझे आणि काळजी त्याला. मी दात खाऊन उतरत राहिले. मग एकदम खाली मऊ लागले, आणि त्या मऊपणात गारवा नव्हता, एक चिकट ओढ होती. पैलवानाने मला ओढले तर मी येईना. हसतमुख सोडून सगळ्यांनी मुठीला हात लावला तेव्हा मी वर आले.

माझ्या पात्यावर एक जांभळा थर होता. त्याच्याखाली हिरवट पिवळा. त्याच्याखाली काळा लगदा, उन्हात चकाकणारा. आणि वास असा, की साहेबांनी छत्री डोक्यावरून काढून तोंडासमोर धरली.

"इंद्रधनुष्य कुजलं की असं दिसत असेल," पैलवान म्हणाला.

"तो जांभळा पडद्याच्या कापडाचा," वरून काका म्हणाले. "कारखाना बंद झाला तेव्हा उरलेलं सगळं मागच्या खड्ड्यांत ओतलं आणि वर राख टाकली. सगळी वसाहत बघत होती की."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" आक्का म्हणाल्या.

"तू बोलली होतीस का?"

आक्का पायाखालची राख बघू लागल्या. ताई मात्र हातपंपाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने आक्काही तिकडे बघू लागल्या.

"आक्का, या पंपाचं पाणी कसं आहे?"

"पाणी?" आक्का सावकाश म्हणाल्या. "पांढरे कपडे निळसर निघतात. वेगळी नीळ घालावी लागत नाही. आम्ही तर पंपाचं कौतुक करायचो."

 मग मोठ्या साहेबांना मार्ग सुचला. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मार्ग लवकर सुचतात.

"हे बघा," ते म्हणाले, "एक माती फार चांगली निघाली, एक फार वाईट. दोन्ही आपण रीतसर काढल्या आहेत. सरासरी घेऊ. सरासरीनं जमीन मध्यम. म्हणजे शेतीचीही नाही आणि विषारीही नाही. मध्यम जमिनीला छोटी छाननी पुरते."

हसतमुखांचे हसू पूर्वीच्या जागी येऊन बसले. पैलवानाने टोपी काढून वारा घेतला. सगळ्यांचे भले होत होते. साहेब सावलीत जाणार होते, मनोरा वर जाणार होता, आक्कांना लिफ्ट मिळणार होती. फक्त माझ्या पात्यावरचा लगदा टपटप खाली गळत होता, त्याला सरासरी समजत नव्हती.

"ताई, लिहा," साहेब म्हणाले.

ताईंनी लेखणी उघडली नाही. त्या आक्कांकडे वळल्या. "सरासरी लिहिली तर पुढच्या महिन्यात काम सुरू होईल. तळघर खणताना हे सगळं उघडं पडेल. पाण्यात आणखी उतरेल. या पंपात आजच्याहून जास्त येईल, खालच्या गल्लीत जाईल. मी ते लिहिणार नाही. पण घर तुमचं आहे, म्हणून तुमच्या तोंडावर सांगते."

"आणि मोठी तपासणी म्हणजे?"

"वर्ष तर जाईलच. जास्तही."

"यांचं आता वय..." आक्का म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी पंपाकडे पाहिले, मग वर खिडकीकडे. त्यांचा आवाज मी प्रथमच खाली आलेला ऐकला. "अहो, ऐकलंत का? साहेब सरासरी काढतायत."

"काढू दे की," काका म्हणाले. "तू खाली, मी वर. सरासरीनं आपण दोघं मधल्या मजल्यावर राहतो. तिथे शिंपीणबाई राहते, तिला आधी विचार, चालेल का."

मधल्या मजल्याची खिडकी उघडली. शिंपीणबाईंनी डोके बाहेर काढले. "नाही हो काका, जागा नाही. दोन मशिनी आहेत."

आधी पैलवान हसला. मग गल्लीतून बघायला जमलेले लोक हसले, मग ताई. शेवटी छत्रीमागून साहेबांचाही आवाज आला, तो खोकला होता असे ते अजून म्हणतात. साहेबाने काढलेली सरासरी कागदावर खोडायला वरच्या साहेबाचा हुकूम लागतो. हशाला हुकूम लागत नाही. त्या दिवशी ती सरासरी जी मेली ती मेलीच.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लिहा ताई. मोठी लिहा. तीन पिढ्या हे पाणी वापरलं, आता नवी घरं बांधून पुढच्यांनाही तेच देऊ का? पण मला एक सांगा. या चिखलाला टेकून माणसं राहतात, हे तुमच्या मोठ्या तपासणीत बसतं का?"

ताई थांबल्या. या वेळी उत्तर त्यांनाच द्यायचे होते. "बसतं," त्या म्हणाल्या. "छोटीत त्याचा प्रश्नच नाही. मोठीत पहिली गोष्ट तीच येते. जमीन दूषित निघाली तर आधी माणसं हलवायची, मग जमिनीला हात लावायचा. खर्च बांधणाऱ्यानं करायचा."

"हलवायची कुठे?"

"जवळपास, राहण्याजोग्या घरात. आणि ज्याला जिना चढता येत नाही त्याला तळमजल्यावर. तेवढं मी लिहू शकते."

"तळमजल्यावर," आक्का म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्या वर बघत होत्या.

हसतमुखांचे हसू मिटले. त्यांचा मिटलेला चेहरा मी प्रथमच पाहिला. खरे सांगायचे तर तो बरा होता, माणसाचा वाटत होता. त्यांनी बराच वेळ हिशेब केला असावा, कारण शेवटी ते म्हणाले, "मागच्या रस्त्यावर आमची एक बैठी चाळ रिकामी आहे." मनोरा हातचा जाऊ नये म्हणून म्हणाले असतील. पण म्हणाले.

ताईंनी लिहिले. साहेबांनी सही केली, आणि त्या संध्याकाळपासूनच "मी म्हणालोच होतो" असे ते सांगू लागले. सांगू द्यावे. ज्याच्या अंगावर ऊन पडले त्याला थोडे श्रेय मिळायला हरकत नाही.

काकांना खाली आणायचा दिवस आला तेव्हा सगळी वसाहत जिन्यात उभी होती. खुर्चीला बांबू बांधले होते. चार जण पुढे झाले तर काकांनी हात वर केला. "चौघांनी उचलायचा प्रसंग एकदाच येतो, त्याची रंगीत तालीम नको. पाचवा शोधा." पाचवा पैलवान झाला. त्याचा उचलायला उपयोग शून्य, पण आकडा भरला. शिंपीणबाईंनी प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हटले, आणि आक्कांनी काही म्हणजे काही म्हटले नाही. एवढा वेळ त्या गप्प राहिलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

त्या दिवशी मीही तिथेच होते, कारण आता माझे रोज काम होते. अंगणात ठिकठिकाणी खाली जाऊन खड्डे कुठवर पसरलेत ते मी शोधत होते. खाली उतरल्यावर काका काठी टेकत माझ्यापाशी आले, माझ्या मुठीवर हात ठेवला आणि पात्याकडे बघून म्हणाले, "बरंच खोल गेलास रे." मला मुठीवर थाप मारणारे साहेब भेटले होते, पण त्यांपैकी कोणी रंग हाताळलेला नव्हता. काकांनी त्या कारखान्यात जन्मभर रंग कालवला होता, त्यांच्या नखांच्या कडा अजून निळ्या होत्या.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात नसते आणि माझ्यावर कोटही नसतो. मी दिवसभर उन्हातच असते, आणि ताईही माझ्याबरोबर उन्हातच उभ्या असतात. माझे पाते थोडे झिजले आहे. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मला काम झाल्यावर पुसावे, तेलाचा हात द्यावा, कोरड्या जागी ठेवावे, एवढी काळजी पुरे. पण एक विनंती आहे. मला जपायचे म्हणून ठेवून देऊ नका. आणि वापराल तेव्हा जिथे खुर्ची टाकता येते तिथे वापरू नका. जिथे मांजर फिरकत नाही, तिथे न्या. जमिनीला पोटात काय आहे ते सांगायचे असते. तिला कोणी नीट विचारत नाही, एवढीच तिची तक्रार आहे.

मोठी तपासणी अजून चालू आहे. पंपाला कुलूप लागले आहे आणि वसाहतीला दुसरीकडून पाणी येते. जांभळा लगदा पिंपांतून बाहेर जातो. तळघराचा बेत गेला, मनोरा दोन मजल्यांनी बुटका झाला, पण तो अजून कागदावरच आहे. रोज सकाळी काका काठी टेकत बैठ्या चाळीतून निघतात, रस्ता ओलांडतात आणि अंगणाला लावलेल्या दोरीपाशी येऊन उभे राहतात. मागून आक्का त्यांची विसरलेली टोपी घेऊन येतात.

"काय ताई," काका विचारतात, "आमच्या हयातीत होईल का घर?"

ताई खोटे बोलत नाहीत. "सांगता येत नाही, काका."

"बरं," काका म्हणतात. "मग उद्या येतो पुन्हा विचारायला."

आणि येतात. आपल्या पायांनी.